पोळ्याच्या काचेवरचा माणूस

१

दारव्ह्याच्या बाजाररस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ आहे. खाली रॉकेलचं दुकान, वर आम्ही. जिना इतका अरुंद की एखादं भरल्या अंगाचं गिऱ्हाईक असलं तर आडवं होऊनच वर येतं. स्टुडिओ माझ्या उस्तादांनी, मन्सूरमियाँनी काढला. अठ्ठावन्न साली मियाँ वारले आणि कॅमेरा, अंधारी खोली, ज्यांच्यावर फोटो उमटतो त्या काचांच्या पेट्या असं सगळं लटांबर माझ्या गळ्यात पडलं. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

मियाँचा एक नेम होता. दर पोळ्याला दुपारी चारच्या सुमाराला ते वरच्या खिडकीत कॅमेरा लावायचे आणि रस्त्याचा एक फोटो घ्यायचे. एकच. खाली तोरण बांधलेलं, तोरणाखाली झुली घातलेले, शिंगांना बेगड लावलेले बैल रांगेत उभे, झडत्या म्हणणारे गळा फाडून पोळ्याची ती कवनं म्हणताहेत, आणि आजूबाजूची सगळी गावं, बंजाऱ्यांचे सगळे तांडे त्या रस्त्यात लोटलेले. बत्तीस सालापासून एकही पोळा त्यांनी चुकवला नाही. त्यांच्यानंतर मीही चुकवला नाही. लाकडी पेटीत खाचा असतात, त्या खाचांमध्ये वर्षवार काचा उभ्या केलेल्या. एक काच म्हणजे एक पोळा.

त्या काचांवरच माझं पोट चालतं. आपल्याकडे माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा फोटो काढायचं कोणाला सुचत नाही. तो गेला की मग भिंत मोकळी दिसायला लागते. मग मंडळी जिना चढून येतात. "मास्तर, आमचा बा दरसाल पोळ्याले यायचा. पाहा ना कुठी दिसते काय." मी साल विचारतो, पागोटं कसं होतं ते विचारतो, काच काढतो आणि खिडकीच्या उजेडात धरून भिंग लावतो. गर्दीत ज्वारीच्या दाण्याएवढा चेहरा सापडतो. तो मोठा करायचा, त्यावर पेन्सिलीने हात फिरवायचा, पुसट नाक सरळ करायचं, भुवया नीट करायच्या, आणि कागदावर छापून चौकटीत घालून द्यायचा. दारव्हा तालुक्यातले निम्मे स्वर्गवासी माझ्या हाताखालून गेलेले आहेत. एकाही घरातून तक्रार आली नाही. बायका तर चौकट बघूनच रडायला लागतात.

मियाँ एवढंच म्हणायचे, "डोमाजी, जो है उसपे हाथ फेर. जो नहीं, उसको मत ला." मी मान डोलवायचो. उस्ताद लोक असं काहीबाही बोलतच असतात.

२

एकसष्ट सालच्या पोळ्यानंतर महिनाभराने दोन बायका जिना चढून वर आल्या. तांड्यावरच्या होत्या. पुढे म्हातारी, बिजलीबाई, मागे तिची सून, हंसाबाई. सुनेच्या हातात कोपरापासून खांद्यापर्यंत पांढरे चुडे होते. नवरा असेपर्यंत ते घालायचे, गेला की फोडायचे, एवढं मलाही माहीत होतं.

या वेळचं काम वेगळं होतं. मेलेला माणूस शोधायचा नव्हता, जिवंत शोधायचा होता.

बिजलीबाईचा मोठा लेक शंकरसिंग दोन वर्षांपूर्वी ट्रकवर बसून वणीकडे कोळशाच्या खाणीत कामाला गेला होता. पहिले चार महिने निरोप येत होता, मग तो थांबला. आता तांड्याच्या पंचांनी ठरवलं होतं की दिवाळीपर्यंत वाट बघायची. त्यानंतर हंसाबाईचे चुडे फोडून तिला धाकट्या दिराच्या, देवीलालच्या घरी बसवायचं.

"देवीलालनं आपल्या पयल्या बायकोचा हात मोडला," हंसाबाई म्हणाली. तिने हे सासूसमोरच सांगितलं आणि सासू जमिनीकडे बघत राहिली. "ते माहेरी पयून गेली. मले माहेर नाई, मास्तर."

"मग मी काय करू?"

"आमच्या तांड्यातल्या धावजीनं त्यायले पाह्यलं. औंदाच्या पोळ्यात. याच रस्त्यात. धावजी आवाज देत गेला तं गर्दीत दिसेनासे झाले. पंच म्हनतात, धावजी तं दारू पिऊन राह्यते, त्याचं काय खरं. कागदावर दाखव म्हनतात. तुमच्या काचेत असतीन ना ते?"

मी सत्तावन्न सालची काच काढली. त्या वर्षी नवराबायको दोघं पोळ्याला आले होते असं ती म्हणत होती. अर्ध्या तासात सापडला. रॉकेलच्या दुकानाजवळ आपल्या बैलाची वेसण धरून उभा. चेहऱ्याचा उजवा भाग स्वच्छ दिसत होता, डावा बैलाच्या शिंगाआड गेलेला. मी भिंग तिच्या हातात दिलं. तिने किती तरी वेळ डोळा काढला नाही.

"बैलाचं नाव राजा व्हतं," ती शेवटी म्हणाली. मला त्या पोरीची फार दया आली. ते लपवून काय करायचं.

३

एकसष्टची काच मी तीन दिवस बघितली. उजवीकडून डावीकडे, मग डावीकडून उजवीकडे, मग ओळीने एकेक पागोटं. तीनशे दहा माणसं मोजली. त्यात शंकरसिंग नव्हता. धावजीला दारूत दिसला असेल, नाही तर कोणी दुसरा असेल.

हंसाबाई बाजाराच्या दिवशी आली, पायरीवर बसली. मी म्हटलं, अजून बघतो आहे. पुढच्या बाजाराला परत आली. दिवाळीला नऊ दिवस राहिले होते. या खेपेला तिच्या गालावर वळ होता. 

ती गेल्यावर मी पेन्सिलीला टोक केलं.

समोरच्या बाजूला सरकीची एक बंद पडलेली वखार आहे. पोळ्याच्या दिवशी तिचं दार कोणीतरी उघडं टाकलं होतं आणि फोटोत त्या दारात नुसता अंधार आला होता. काचेवर सगळं उलटं असतं. उजेड काळा उमटतो आणि अंधाराची जागा कोरी काच राहते. कोऱ्या जागेवर पेन्सिल फिरवली की कागदावर तिथे उजळ दिसतं. मला हवी तशीच जागा होती. सत्तावन्नची काच शेजारी ठेवून मी त्या दारात एक चेहरा उभा केला. उजवी बाजू जशीच्या तशी घेतली. डावी मनाने केली. वर पागोटं, खाली सदऱ्याचा गळा, आणि दाराच्या चौकटीवर ठेवलेला एक हात. हात म्हणजे काय, चार बारीक रेघा. डोळ्यांची बुबुळं तर काढावीच लागत नाहीत. काळं हवं तिथे काच कोरी सोडायची, झाली बुबुळं. पापण्या काढल्या नाहीत. ज्वारीच्या दाण्याएवढ्या चेहऱ्याला पापण्या कोण काढत बसतं?

मोठा करून छापला तेव्हा मीच खूश झालो. हाताला अजून धार होती म्हणायची.

पंचांनी तो कागद हातोहात फिरवला, धावजीने छाती ठोकून सांगितलं, आणि तांड्याच्या नायकाने निकाल दिला की माणूस जिवंत आहे, चुडे फुटणार नाहीत. हंसाबाई दिवाळीनंतर येऊन माझ्या पाया पडली. खोटं केलं याची मला तसूभरही लाज वाटली नाही. उलट चार दिवस मी ताठ मानेने रस्त्यातून फिरत होतो.

४

डिसेंबर लागला. एका बाजाराच्या दिवशी धावजी जिन्यातूनच ओरडत वर आला.

"मास्तर, शंकऱ्या आला! मी म्हनत नव्हतो? आला तो!"

माझ्या छातीवरचा दगड उतरला. केलेलं खोटं आपोआप खरं झालं होतं. मी त्याला बसवलं, चहा मागवला.

"कधी आला? कसा आहे?"

"दहा-बारा दिवस झाले. चांगला हाय. बोलत नाई तेवढं."

"बोलत नाही?"

"नाई. उभा राह्यते."

"कुठे उभा राहतो?"

"दारात," धावजी म्हणाला, आणि बशीत चहा ओतून फुंकर मारत राहिला. "घराच्या दारात. चौकटीवर हात ठेवून. सकायी पाह्यलं तरी तसाच, सांजीले पाह्यलं तरी तसाच. खानीत डोक्यावर परिनाम झाला असन. देवीलाल एक डाव भांडाले गेलता. दारापाशी गेला, त्याच्या तोंडाकडे पाह्यलं आन जो पयत सुटला, तो अजून तिकडे फिरकला नाई."

मी हसलो. खाणीत राहिलेली माणसं अशीच होतात, उजेडाला बुजतात, असं मीच त्याला समजावलं. धावजीला ते पटलं. मला मात्र चहा गेला नाही. चौकटीवर हात ठेवून तर कोणीही उभं राहतं, मीही राहतो. किती तरी वेळा हे मी स्वतःला ऐकवलं.

"आणि हंसाबाई?"

"आतच असते. नवरा आला तं आता कायले बाहेर येते?"

५

चौथ्या दिवशी मी धावजीच्या बैलगाडीतून तांड्यावर गेलो. दुपारची वेळ होती. शेतातून कापसाची वेचणी चाललेली, तांड्यात म्हातारी माणसं आणि कोंबड्या तेवढ्या. शंकरसिंगचं घर कडेला होतं, कुडाच्या भिंतींचं, एका दाराचं. आतून जात्याचा आवाज येत होता.

बिजलीबाई बाहेर लिंबाखाली बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "या, मास्तर. तुमच्या कागदानं आनला माह्या लेकाले." उंबऱ्यापुढे जेवणाची थाळी ठेवलेली दिसली. भाकरीला मुंग्या लागल्या होत्या. "जेवते आता एवढ्यात," ती म्हणाली. ती स्वतः पंधरा रात्री देवीलालकडे झोपत होती, कारण लेक दारातून बाजूला होत नव्हता. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. लेक परत आला होता ना.

मी दाराकडे बघायचं टाळलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक माणूस उभा आहे एवढं कळत होतं. मी घराला वळसा घालून मागे गेलो. मागच्या कुडाला एका जागी वीतभर भोक पडलेलं होतं. जातं थांबलं.

"कोन हाय?"

"मी डोमाजी. फोटोवाला."

भोकातून तिचे डोळे दिसले. ते रडून सुजलेले होते.

"मास्तर," ती दबक्या आवाजात म्हणाली, "सारे म्हनतात, शंकर दारात उभा हाय. सासू त्याच्या संगं बोलते. मले तं तो एक डावही नाई दिसला."

"म्हणजे?"

"आतून पाह्यलं तं दार मोकयं दिसते. बाहेर ऊन दिसते, लिंब दिसते, सासू दिसते. पाय बाहेर टाकला का मी परत घरातच राह्यते. चुलीपाशी. दिवसातून धा डाव करून पाह्यलं. हा कूड फोडला, इतूनही तसंच. या भोकातून भाकर आत येते, पानी येते. मीच येत नाई."

 मी डोकं चालवायचा प्रयत्न केला. कोंडलेल्या बाईला भास होतात, दिराच्या धाकाने तिचं मन घरातून निघत नसेल. पण मी तिचा हात त्या भोकातून धरला आणि बाहेर ओढला, तर माझ्या हातात काहीच आलं नाही. हात धरलेला होता, आणि मग नव्हता. आतून ती म्हणाली, "पाह्यलं?"

"हंसा, हे माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. "तो तुझा नवरा नाही. मी काढलेला आहे."

तिने भोकाच्या कडेला बोटं टेकवली. मग म्हणाली, "मंग खोडा ना त्याले."

"उद्या सकाळी उजेड आला की खोडतो. उद्या दुपारच्या आत तू मोकळी होशील. माझा शब्द."

"मी गाठोडं बांधून ठेवते," ती म्हणाली. "दार खुललं का इथं थांबत नाई. देवीलालच्या हातीही सापडत नाई. कुठीही जाईन."

घरापुढून परत जावंच लागणार होतं. जाताना मी बघितलं. बघायला नको होतं. चौकटीवर हात होता. चार बोटं, अंगठा नाही, नखं नाहीत. वर पागोटं. तेवढ्यात आत हंसाबाईने चूल फुंकली असावी. त्या चेहऱ्यात जिथे बुबुळं असतात तिथे दोन ठिकाणी लाल उजेड दिसला, आणि पुन्हा विझला. त्या जागा मी कोऱ्या सोडल्या होत्या. तिथून पलीकडचं दिसत होतं.

६

सकाळी मी काच खिडकीशी नेली. पातं घेतलं, तेच, ज्याने आम्ही काचेवरचे डाग खरवडतो.  काम असं करायचं असतं: आधी भिंग लावायचं, जागा नीट बघायची, मग पातं टेकवायचं. वीस वर्षांत मी कधी उलटं केलं नाही. पण भिंग लावलं की तो चेहरा मोठा होऊन माझ्याकडे बघेल, याची मला भीती वाटली. दार कुठे आहे हे मला पाठ होतं. मी नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेतला आणि खरवडायला लागलो. आडवं, उभं, परत आडवं. सगळं दार स्वच्छ होईपर्यंत. पात्याखाली एक बारीक, कुरकुरता आवाज येत होता, काचेवर येतो तसा. मी दात आवळून काम संपवलं. मग काळी भुकटी फुंकून टाकली.

आणि मग मी भिंग लावलं.

दार कोरं झालं होतं. एका कडेला, चौकटीला अगदी चिकटून, पात्यातून तेवढा एक तुकडा वाचला होता. कोपराच्या वरचा हात होता तो. त्यावर एकाखाली एक चुडे. पेन्सिलीची रेघ नव्हती. पेन्सिलीचं काम मी ओळखतो, विशेषतः स्वतःचं. हे खऱ्या फोटोचं दाणेदार काम होतं, कॅमेऱ्याने घेतलेलं. तीन दिवस मी ही काच रेघ न् रेघ तपासली होती, तेव्हा तिथे ते नव्हतं. ती त्याच्या मागे, दारातच येऊन उभी होती. मी शब्द दिला होता म्हणून उभी होती.

 तांडा दोन कोसांवर आहे. त्या दिवशी मी तिकडे गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. भ्यालो, दुसरं काय.

७

बाजाराच्या दिवशी बिजलीबाई आली. म्हातारी धापा टाकत जिना चढली, पण चेहरा हसरा होता. ओच्यातून तिने भाजलेल्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ओतल्या.

"मास्तर, तुमी येऊन गेले आन दुसऱ्याच दिवशी लेक बायकोले घेऊन गेला. सकायी पाह्यलं तं दार मोकयं. आत गेली तं घर मोकयं. चूल पेटलेलीच, तव्यावर भाकर करपलेली. इतकी घाई पोराले."

"कोणी पाहिलं का जाताना?"

"कोनी नाई. वेचनीले गेलते सारे. वणीलेच गेले असतीन, दुसरीकडे कुठी जातीन? नायकानंही म्हटलं, नवऱ्याच्या संगं बायको गेली, मिटलं काम. देवीलालले आता दुसरी पाहून देतो." तिने ओचा झटकला. "गाठोडं तेवढं इसरली पोट्टी. उंबऱ्यापाशीच बांधून ठेवलं व्हतं."

मी शेंगांकडे बघत होतो. सांगून टाकावं असं मनात आलं. पण काय सांगणार होतो? तुझा लेक कधी आलाच नव्हता, आणि सून कुठे गेली ते काच खरवडून माझ्या टेबलाखाली पडलेल्या भुकटीला विचार?

बिजलीबाई उठली. जिन्याच्या तोंडाशी जाऊन वळली. तिचं म्हातारं तोंड लेकराच्या तोंडासारखं आशेने भरलेलं होतं.

"सुखात असन ना वो ते, मास्तर?"

"असन," मी म्हणालो.